हापशीचं कुलूप

६ मे, मंगळवार

हापशीला कुलूप! बोअर मारली, पाणी लागलं, दांडा बसला, लाल फीत बांधली — आणि वर साखळी. क्लबचे वरचे मोठे साहेब, प्रांतपाल, येणार, फीत कापणार, मग प्या म्हणे.

कोंडाणे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. मी कर्जतला क्लबच्या हॉलवर झाडलोट करते, चहा देते. हापशीसाठी कमळाकरसरांच्या मागं मीच लागले होते. ते या सालचे अध्यक्ष. शब्द पाळला त्यांनी. आता बाया मलाच विचारतात, "काय गं, तुझ्या क्लबनं पाणी नुसतं दाखवायला आणलं का?"

८ मे

प्रांतपालांना तारीख नाय.

१३ मे, मंगळवार

सभा. घंटा वाजली. नवे मेंबर आले होते, त्यांना कमळाकरसर इतिहास सांगत होते. शंभराच्या वर वर्षं झाली. अमेरिकेत चार धंदेवाले, मोठ्या शहरात एकटे पडलेले. आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत बसायचे. मग वाटलं, नुसतं बसून काय करायचं? गावासाठी मुतारी बांधली! आता सगळ्या जगात क्लब. आधी दुसऱ्याचं, मग आपलं.

दर खेपेला ऐकते, तरी आवडतं मला. मुतारीपासून सुरुवात केली, लाजले नायत. तिची फीत कापायला कोण आलं होतं, ते सर सांगत नायत.

चहानंतर विचारलंच. कमळाकरसर म्हणाले, "माझं वर्ष संपत आलं हो. योगेंद्रसरांना विचारा." क्लबात अध्यक्ष एका सालाचा, एक जुलैला नवा बसतो. पुढले योगेंद्रसर. ते म्हणाले, "मावशी, एक जुलैलाच शुभारंभ! आमच्या वर्षातलं पहिलं काम. तेवढी कळ काढा."

जुलैत? जुलैत आमच्या चुलीत पाणी शिरतं! तसंच म्हटलं. सगळे हसले. तेपण हसले. "मावशी भारी बोलतात!"

१७ मे

भाग्यश्रीला, सुनेला, सातवा लागला. पाणी अजून खालच्या झऱ्याचंच, तिथली उतरण ढासळलेली. मी पहाटे खेपा टाकते, मग कामाला जाते. तिला म्हटलं, हंड्याला हात लावू नको. "आई, तुमच्या गुडघ्याचं काय?" गुडघा गेला खड्ड्यात!

पोराला म्हटलं, कपिल, तू आण की रं. "मी? लोक हसतील." हंडा उचलला तर बाप्याचं काय नाक गळून पडतं?

२२ मे

भाग्यश्री पडली. मी हॉलवर होते. दुपारी घरात घोटभर पाणी नव्हतं, म्हणून गेली. हंड्यासकट खाली. बायांनी झोळीत घालून रस्त्यावर आणली, तिथून टेंपोनं दवाखान्यात. मी हॉलवरून तिकडंच पळाले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझ्याकडं बघितलं नाय त्यांनी.

मुलगी होती.

२३ मे

काय लिहू.

२७ मे, मंगळवार

हॉलवर सगळे उभे राहिले, माझ्या नातीसाठी. माना खाली. खोटं नव्हतं ते — कमळाकरसर तर रडले. मग घंटा वाजली, समोसे आले.

म्हटलं, आतातरी उघडा. योगेंद्रसर म्हणाले, "मावशी, तुमचं दुःख ते आमचं दुःख. पण पत्रिका गेल्या हो सगळीकडं."

बादली तिथंच टाकली. आले निघून.

२८ मे

घणानं कुलूप फोडलं! मी आणि शेजारची गौराबाई. फीत तिनं चुलीत घातली. आधी गढूळ आलं, मग निवळ. बाया रडल्या, मग नंबरावरून भांडल्या. भाग्यश्रीला तिथंच दगडावर बसवून न्हाऊ घातलं.

३० मे

हॉलवरून फोन. येऊ नका म्हणे. नाय येत!

१ जून

सकाळी हापशीला नवं कुलूप. पहिल्यापेक्षा जाड. गौराबाईनं क्लबच्या सात पिढ्या काढल्या. मीपण काढल्या.

दुपारी कपिलचा शर्ट धुवायला घेतला. खिशात चावी.

"योगेंद्रसर दुकानात लावून घेतायत मला," म्हणाला. "एक जुलैपर्यंत हापशी राखायला सांगितलीय. झालं ते झालं ना आई?"

मी भाग्यश्रीकडं बघितलं.

"मला ठाऊक होतं," म्हणाली. हंडा उचलला आणि झऱ्याकडं निघाली.