पुसलं गेलेलं भोक

मी, व्हिन्को स्कोचिर, वय अठ्ठ्याहत्तर, सोचा नदीच्या खोऱ्यातल्या ड्रेझ्नित्सा गावचा रहिवासी, निवृत्त पोस्टमन, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असं डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी लेखी दिलं आहे. मला स्वतःला त्याची खात्री नाही, पण कायद्याला त्यांचं मत पुरतं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. महिन्यापूर्वी जे झालं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही, तेव्हा अक्षर थरथरलेलं दिसलं म्हणून कोणी सही खोटी समजू नये. आधीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं आहे. त्यात लुडविक कुरिंचिचबद्दल जे लिहिलं होतं ते आता मला वाचवतही नाही.

१. राहतं घर, मागची बाग आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी ब्रेडा हिला मिळावं. छपराची उत्तरेकडची बाजू गळते. हे तिला माहीत आहे, मीच कबूल करत नव्हतो.

२. माझी हत्यारं, म्हणजे कानस, पक्कड, तारेचे ब्रश आणि तांब्याचा तराजू, गावच्या शाळेतल्या कामाच्या खोलीला द्यावीत. तराजू चांगला आहे. जिथे वापरायला हवा होता तिथे मी तो वापरला नाही, त्यात त्याचा दोष नाही.

३. आता संग्रह. माझ्याकडे सरावाचे एकशे त्रेचाळीस हातबॉम्ब आहेत. शिपायांना फेकायला शिकवण्यासाठी केलेले, आत दारू नसलेले. आमच्या डोंगरावर पहिल्या महायुद्धात दोन फौजा अडीच वर्षं समोरासमोर बसल्या होत्या, त्यामुळे इथे प्रत्येक पडवीत काही ना काही लोखंड असतंच. मी मात्र फक्त सरावाचेच जमवले, कारण १९६९ साली लग्न ठरताना मिलानं अट घातली होती, "बुडाला भोक नसलेली वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." भोक म्हणजे आतलं काढून टाकल्याची खूण. आमच्या संग्राहकांच्या मंडळात पोकळ वस्तू ओळखायच्या तीन गोष्टी होत्या: भोक, रंगाचा पट्टा आणि वजन. खोऱ्यातले लोक आपापल्या वस्तू माझ्याकडे पारखायला आणत. मी "पोकळ" म्हटलं की पोकळ. एवढा माझा मान होता.

हा सगळा संग्रह कोबारिडच्या संग्रहालयाला द्यावा, पण माझ्या शब्दावर नाही. आधी ११२ ला फोन करून बॉम्बवाल्यांना बोलवावं आणि एकेक वस्तू त्यांच्याकडून तपासून घ्यावी. तोवर कोणी कशाला हात लावू नये, कोणी घरी भोक पाडायला जाऊ नये. माझी नोंदवही पुरावा म्हणून धरू नये. त्या वहीत क्रमांक सत्तावन्नच्या समोर वजनाचा रकाना कोरा आहे. तो का कोरा आहे ते पुढच्या कलमात येतं.

४. हे कलम म्हणजे मालमत्ता नाही, कबुली आहे. नोटरी म्हणाले, मृत्युपत्रात हे चालत नाही. मी म्हटलं, चालवून घ्या.

क्रमांक सत्तावन्न मी १९९२ साली सीमेपलीकडे उदिनेच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून घेतला. सरावाचा लाल पट्टा ठसठशीत, कारखान्याचा शिक्का शाबूत, असा दुसरा खोऱ्यात कोणाकडे नव्हता. भंगारवाल्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं की पोकळ आहे. फक्त बुडाला भोक नव्हतं. भोक पाडलं असतं तर वस्तूची शान गेली असती, आणि न पाडता नेला तर मिलानं दारातूनच परत पाठवला असता. म्हणून मी शेडमध्ये बसून चुलीच्या पत्र्याला लावायचा काळा रंग काडीच्या टोकावर घेतला आणि बुडावर एक गोल टिकली काढली. हातभरावरून पाहिलं तर भोकच वाटे. मिलानं पाहिलं, म्हणाली, "बरं." मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या साखळीला लोंबणारं एक वजन तडकलं. मी साखळीला सत्तावन्न नंबर टांगला. जेवताना तो डोळ्यांसमोर राहावा, एवढाच मोह. त्याचं वजन करून पाहिलं नाही, कारण आकडा काय सांगेल याची मनात कुठेतरी धास्ती होती. ही धास्ती मी एकतीस वर्षं कोणाला सांगितली नाही, स्वतःलासुद्धा.

१९९६ च्या शरदात मंडळातला माझा जुना दोस्त लुडविक जेवायला आला. त्यानं चष्मा वर केला, घड्याळाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "व्हिन्को, लेका, हे भोक नाही. हा रंग आहे."

"तुझ्या डोळ्यांत फूल पडलंय," मी म्हणालो.

"मग बोट घालून दाखव."

मी त्याला घराबाहेर काढलं. त्याचा कोटही मागून फेकला, तो चिखलात पडला. खोटारडा म्हणून त्याला मंडळातून काढायला लावलं. सत्तावीस वर्षं आम्ही चर्चमध्ये वेगवेगळ्या रांगेत बसलो.

गेल्या महिन्यात ईस्टरची साफसफाई करायला माझी नात, ब्रेडाची नेझा, आली. मी बागेत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, हातात व्हिनेगरचं फडकं.

"आजोबा, ते घड्याळाचं वजन पुसत होते."

"मग?"

"भोक पुसलं गेलं."

मी हसलो. मग तिचा चेहरा पाहिला, आणि तिला अंगणातच थांबवून शेजारून ११२ ला फोन केला.

बॉम्बवाले दोघं आले. त्यांच्यातल्या वरिष्ठानं विचारलं, "हा किती दिवस टांगलेला होता?" मी सांगितलं. तो पायरीवरच बसला. कोणीतरी खऱ्या बॉम्बवर सरावाचा पट्टा मारला होता. म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी, माझ्या आधी, ब्रश घेऊन बसला होता. त्यांनी तो नदीकाठच्या वाळूच्या खाणीत नेऊन उडवला. मी दोन किलोमीटरवर ब्रेडाकडे सूपचा वाडगा घेऊन बसलो होतो. खिडक्या हादरल्या. ब्रेडा म्हणाली, "बाबा, आई तर रोज संध्याकाळी त्याची साखळी ओढायची." तो वाडगा कोणी माझ्या हातातून घेतला ते मला आठवत नाही.

५. लुडविक कुरिंचिच या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असं नोटरी म्हणतात. म्हणून मी त्याला मालमत्ता देत नाही. तो खरा होता, मी खोटा होतो, एवढंच देतो. हे चर्चच्या पाटीवर महिनाभर लावावं.

हेच सांगायला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं दार उघडलं, ब्रँडी ओतली. मी म्हटलं, "निदान मिलाला हे कळलं नाही, तेवढं बरं झालं."

त्यानं बाटलीला बूच लावलं. मग म्हणाला, "तिला माहीत होतं, व्हिन्को. तू मला हाकललंस त्याच आठवड्यात आली होती. विणायची सुई टोचून पाहिली म्हणाली, आत गेली नाही."

"मग मला बोलली का नाही?"

"मी म्हटलं, वहिनी, रिकामा असेलही, मी कसं सांगू, पण उतरवा तो. तर म्हणाली, 'तो स्वतः सांगेल आणि स्वतः उतरवेल. तोवर मी थांबते. व्हिन्को माझ्याशी खोटं बोलेल, पण मला मारणार नाही.'"

तिनं तेवीस वर्षं वाट पाहिली. चार वर्षांपूर्वी ती हृदयविकारानं गेली, आणि मी सांगितलं नव्हतं.

आता आणखी एक गोष्ट लिहितो, मग झालं. नेझा लहान असताना दर रविवारी आमच्याकडे जेवायला असे. मिला तिला टेबलाच्या पार टोकाला, दाराजवळ बसवायची. ते दार नीट लागत नाही, पाठीला वारा लागतो. पोरीला हिवाळाभर सर्दी. मी कितीदा ओरडलो, "अगं, घड्याळाखालची जागा उबेची आहे, तिथे बसव ना तिला! आजी आहेस की कोण?" मिला म्हणायची, "ती जागा माझी आहे." आणि उकडलेल्या गोड श्त्रुक्लीचं ताट घेऊन तिथेच बसायची. मी तिला सगळ्यांसमोर आपमतलबी म्हटलं आहे. एकदा नाही, अनेकदा.

६. घड्याळ नेझाला द्यावं. त्याला कारखान्याचं वजन लावून घ्यावं. घड्याळाखालची खुर्चीही तिलाच. त्या खुर्चीत कोण बसत होतं आणि का, हे तिनं तिच्या मुलांना सांगावं.

७. मला मिलाच्या शेजारी पुरावं. आमच्या दफनभूमीच्या भिंतीकडची बाजू उबेची आहे, फाटकाकडच्या बाजूला डोंगरावरून वारा येतो. नऊ वर्षांपूर्वी दोघांची जागा घेताना भिंतीकडची मी माझ्यासाठी ठेवली होती आणि ती गेल्यावर तिला फाटकाकडे झोपवलं. पाद्रीबाबांची आणि नगरपालिकेची परवानगी काढावी, जो खर्च येईल तो करावा, पण तिला भिंतीकडे हलवावं. वाऱ्याच्या बाजूला मला ठेवावं.

वाचून पाहिलं. खाडाखोड नाही.

स्थळ: ड्रेझ्नित्सा
तारीख: ४ मे २०२३

व्हिन्को स्कोचिर (सही)

साक्षीदार:
आल्बिना बेर्गिंक, शेजारीण (सही)
लुडविक कुरिंचिच (सही). कलम पाचमध्ये वहिनींचे शब्द जसे होते तसेच लिहिले आहेत.