केशरी बंदूक आणि व्याह्यांचा रुसवा

बुऱ्हाणपूर
रविवार, जेवणानंतर

व्याही श्री. नंदकुमारभाऊ यांना दत्तात्रयचा दोन्ही हात जोडून नमस्कार. विहीणबाईंनाही आमचा नमस्कार सांगावा. इकडे सगळं ठीक आहे. शोभाचे गुडघे बरे आहेत, म्हणजे दुखतात तसेच, पण तिने त्याबद्दल बोलणं सोडलंय. तुमची तब्येत मात्र कळायला मार्ग नाही, कारण फोन विहीणबाई उचलतात आणि तुम्ही कायम बागेत असता. (दोन महिने सलग केळीच्या बागेत! अहो, जेवायला तरी घरी येत जा.) म्हणून हे पत्र टपालाने देडतलाईला धाडतोय. पत्र आलं की हातात घ्यावंच लागतं, त्याला बागेत असल्याचं सांगता येत नाही.

एकोणीस तारखेला आमच्या घरी मृणालचं डोहाळजेवण आहे. तुमची एकुलती एक मुलगी, आमची एकुलती एक सून, आणि तुम्ही येणार का या प्रश्नाला शोभामार्फत मला एकच उत्तर मिळतं : बघू. भाऊ, सातव्या महिन्यात पोरगी इंदूरहून येणार, ओटी भरायला बसणार, आणि दारात तिचा बाप नसणार, हे माझ्याच्याने बघवणार नाही. आणि हे सगळं कशापायी, तर टीव्हीतल्या एका केशरी बंदुकीपायी!

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण एकदा माझ्या बाजूने ऐका. आमच्या पंकजने आणि मृणालने दिवाळीत आपल्या दोघांच्या घरी ते व्हिडिओ गेमचं यंत्र बसवून दिलं, का, तर दोन्ही बाबांनी सारखं सारखं फोन करून 'जेवलात का' विचारू नये. रविवारी चारला चौघांनी जमायचं, परग्रहावरच्या बदमाशांना गोळ्या घालायच्या आणि पडलेला माल गोळा करायचा. खेळाच्या पहिल्या भागात तो माल सगळ्यांचा मिळून एकच पडायचा, जो उचलेल त्याचा. लहान पोरांना हे सोपं असेल, पण आपण पडलो व्याही! पेटी उघडली की तुम्ही म्हणणार, आधी तुम्ही, तुम्ही मुलाकडचे. मी म्हणणार, छे छे, तुम्ही वयाने मोठे. (चार महिन्यांनी.) तेवढ्यात मागून राक्षस येऊन पंकजला चावून जायचा आणि तो इंदूरहून ओरडायचा. शेवटच्या राक्षसापर्यंत आपण पोचलो ते केवळ मृणालमुळे. ती मानपान पाळत नाही, सरळ गोळ्या घालते.

तर तो शेवटचा राक्षस पडला आणि त्याच्या पोटातून ती केशरी बंदूक निघाली. पांढरी, हिरवी, निळी, जांभळी अशा चढत्या दर्जात केशरी सगळ्यात वरची. तुम्ही सवयीने म्हणालात, घ्या. आता इथे मी म्हणायला हवं होतं, छे छे. तेवढ्यात माझा अंगठा घसरला आणि बंदूक माझ्या पिशवीत गेली. तुम्ही म्हणालात, पंप बंद करायचाय, आणि गेलात. तो पंप अजून बंद होतोय.

मला वाईट वाटलं त्याहून जास्त राग आला, हेही लिहितो. लग्नात रुसायचा हक्क मुलाकडच्यांचा. मी तुमच्या मांडवात तीन दिवस होतो, वरणात मीठ नव्हतं, माझी टोपी कोणीतरी घालून गेलं, पण मी रुसलो नाही. म्हटलं, हक्क आहे, ठेवून देऊ, पुढेमागे कामाला येईल. आणि तुम्ही मुलीकडचे असून खुशाल रुसलात! बरं, ती बंदूक तरी कशी निघावी? दर गोळीला शत्रूची माफी मागते. 'माफ करा भाऊ, लागलं का?' मिनिटाला साठ वेळा. मला दोन महिन्यांत एकदाही जमलं नाही. लाज वाटून मी ती चालवायची सोडली.

आता खरी बातमी. या खेळाचा दुसरा भाग निघाला असून पंकजने तो दोन्ही घरी घालून दिलाय. तुम्ही उघडलाही नसेल. अहो, उघडा! दुसऱ्या भागाबद्दल मला शंका होती, कारण लोक बहुतेक कालच्याच भाजीत पाणी घालून वाढतात. पण यांनी मनावर घेतलंय. पहिल्या भागात नदी डोंगर चढून जायची, ते पाहून भूगोलाचा मास्तर म्हणून माझा जीव कासावीस व्हायचा. आता नद्या उताराने वाहतात. बदमाश आधी नुसते किंचाळत मरायचे. आता मरता मरता बोलतात, खाली हिंदीत अक्षरं येतात. काल एक जण म्हणाला, मेरी छुट्टी मंजूर हो गई थी. मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, मला त्याच्यावर दुसरी गोळी घालवेना. एक बंदूक फेकली की तिला पाय फुटतात आणि ती शत्रूच्या मागे शिव्या देत धावते. दुसरीची दर पाच मिनिटांनी तारीफ करावी लागते, नाहीतर उडतच नाही. आणि जरा वेळ गेला की आधीच्यापेक्षा थोडी बरी बंदूक सापडते, म्हणजे मघाशी जीव की प्राण होती ती टाकून द्यायची. हे मला जमत नाही. माझी पिशवी भरून वाहते, शोभा म्हणते माळ्यावरही हेच आहे.

पण सगळ्यात मोठी सुधारणा वेगळीच. आता प्रत्येकाला आपापला माल दिसतो. तुमची पेटी तुमची, माझी माझी. कोणी कोणाचं उचलूच शकत नाही. म्हणजे भांडणाचं मूळच उपटलं! वाटलं, आता निवांत खेळू. तीन रविवार एकटाच खेळलो. (मृणालला आता फार वेळ बसवत नाही, पंकज तिच्या मागे पाणी घेऊन फिरतो.) परवा मला एक केशरी मिळाली, त्या पहिलीपेक्षा भारी. हक्काची, एकट्याची. मी मान वळवून शोभाला म्हटलं, बघ. ती म्हणाली, गॅस बंद करा. भाऊ, खरं सांगतो, त्या क्षणी तुमची फार आठवण आली. 'घ्या' म्हणणारा कोणी नसेल तर घेण्यात काय मजा आहे?

तर एकोणीसला सकाळी अकरापर्यंत या. दराबा आणि मावा जिलेबी सांगून ठेवली आहे. लहानांना आशीर्वाद.

आपला,
दत्तात्रय

ता. क. : अंगठा घसरला नव्हता. बंदूक दिसली आणि मला हवी झाली. चुकलं माझं. माफ करा.

दुसरा ता. क. : दुसऱ्या भागात बर्फातला एक राक्षस आहे. एकट्याने पाडता येत नाही, आपण पडलो की उठवायला दुसरा माणूस लागतो. मी नऊ वेळा पडलोय. डोहाळजेवणानंतर चार वाजता वेळ असेल तर. घाई नाही.

तिसरा ता. क. (हे मी, शोभा, लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय.) : नंदूभाऊ, तुम्ही येताय हे विहीणबाईंनी मला मागच्याच सोमवारी सांगितलं. ओटीच्या साड्याही आम्ही दोघींनी इतवाऱ्याच्या बाजारातून परवा घेतल्या. 'बघू' हे मी माझ्या मनाने सांगत होते. अडतीस वर्षांत ह्या माणसाने पहिल्यांदा कोणाची माफी मागायला कागद घेतला, मध्येच कशाला अडवू म्हटलं? तर तुम्हीही काही कळू देऊ नका. आणि आल्यावर लगेच हसू नका, निदान चहा होईपर्यंत रुसलेले राहा. माझीही एक माफी त्यांच्याकडून यायची बाकी आहे, तीही जमली तर बघते.