खराडीची बस

प्रिय पुष्कर,

आजपासून ऑफिस पुन्हा सुरू झालं. नारायण पेठेतून कंपनीच्या बसमध्ये चढणारी मी एकटीच होते. ड्रायव्हर हिंमतराव इतके दिवस गावी होते. तू कोरोनात गेलास हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी बसले तरी ते बस काढेनात.

"मॅडम, साहेब येतायत ना? थांबतो की."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते अजून घरूनच काम करतात."

"मजा आहे साहेबांची," म्हणत त्यांनी गाडी काढली.

खराडी येईपर्यंत मीही ते खरं मानलं. तू आत्ता उठला असशील, चहा टाकला असशील.

संध्याकाळी घरी येऊन मी बेल वाजवली. बराच वेळ दाराशी उभी राहिले आणि मग पर्समधून किल्ली काढली.

तुझीच,
अपूर्वा