ताईला काय व्हायचं होतं

ताई,

आज अर्थशास्त्राच्या तासाला सर म्हणाले, "एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. घरातलं उदाहरण द्या." मी ऐटीत तुझं दिलं. बाबांनी अंथरूण धरलं, तू कॉलेज सोडून झेरॉक्सच्या दुकानात बसलीस, म्हणून मी इथे शिकतोय.

"वा! तिला व्हायचं काय होतं?"

ते मी तुला कधी विचारलंच नव्हतं. मग ठोकून दिलं, "शिक्षिका." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

दुपारी फोन केला तो तुला हेच विचारायला. पण तूच आधी विचारलंस, "जेवलास का रे?" मी हो म्हणालो. ती आजची दुसरी थाप.

हे पत्र पाठवत नाही. तू खरं उत्तर देशील, याचीच भीती वाटते.

तुझ्या जिवावर शिकणारा,
छोट्या