डिलनच्या वतीने

प्रिय स्वीडल,

फोनवर तू रडायला लागतेस आणि मी गप्प होते, म्हणून लिहिते आहे. रडणाऱ्या माणसाशी, मग ती सख्खी मावसबहीण का असेना, काय बोलायचं ते मला जमत नाही.

डिलनचा एमआरआय मी पुन्हा पाहिला. ठाण्याच्या सेंटरमध्ये मी मशीन चालवते, रिपोर्ट देत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं तेच तिथे दिसतं. तो पोटात असताना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या बंद पडल्या. मेंदूचा वरचा बहुतेक भाग उरला नाही, त्या जागी पाणी आहे. खालचा भाग शाबूत आहे, म्हणून तो श्वास घेतो, दूध ओढतो, रडतो. यावर इलाज नाही. तो किती जगेल ते कोणी सांगू शकत नाही.

वाहिन्या का बंद पडल्या, हे बहुतेक वेळा कळतच नाही. पाचव्या महिन्यात तू मयताला गेलीस म्हणून हे झालं, असं तुझ्या सासूबाई कोलशेतभर सांगतात. तसं झालेलं नाही. जेराल्डला हे वाचायला दे. आईला त्याने सांगावं, तू नको.

परवा त्या डोंबिवलीला माझ्याकडे आल्या होत्या, मटणाचा डबा घेऊन. बाप्तिस्मा चर्चमध्ये सगळ्यांसमोर नको, फादरना घरी बोलावून उरकू, हे मी तुझ्या गळी उतरवावं म्हणून. म्हणाल्या, "फादर विचारतील तेव्हा त्या पोराला काय समजणार गं?" मी म्हटलं, "आणि तुमच्या जेराल्डला त्याच्या बाप्तिस्म्याला काय समजलं होतं, मॅग्डलीन आंटी?" चहा न घेता गेल्या. डबा मात्र ठेवून गेल्या.

बाप्तिस्म्यातल्या फादरच्या प्रश्नांना कुठलंच बाळ उत्तर देत नाही. त्याच्या वतीने आईबाप आणि गॉडमदर देतात. तू मला गॉडमदर हो म्हणालीस, तेव्हा मी विषय बदलला. मी चर्चला जात नाही, हे कारण नव्हतं. तो आपल्याला सोडून जाईल तेव्हा मी त्याची कुणीतरी असेन, हे मला नको होतं. आता चालेल. चर्चमधली तारीख घे, बँडही सांग. त्याला मी धरेन. त्याचं डोकं जड झालंय म्हणतेस, ते कसं सांभाळायचं ते आधी एकदा दाखव.

तुझीच,
अलिशा