माळ्यावरचा पंखा

गेथिन,

मी माबलीला घेऊन स्वान्सीला ताईकडे जातेय. सकाळी तिला पुन्हा धाप लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या ओल्या खोलीत हिला आता झोपवू नका."

तिचा पलंग सरकवला, तर मागची भिंत बुरशीनं काळी झालेली. म्हणून माळ्यावर चढून पाहिलं. ओल धरू नये म्हणून जिन्यावरच्या छतातून बाहेरची हवा घरात सोडणारा तो पंखा बंद होता आणि बटणावर चिकटपट्टी होती.

तुझ्या बाबांना विचारलं, तर म्हणाले, "माझ्या मानेवर गार वारा येतो. मीच गेथिनला बंद करायला लावला. आणि तुझी पोर जरा नाटकीच आहे."

त्यांचं मी मनावर घेत नाही, म्हातारे झालेत. पण तू रोज माझ्यासोबत भिंती पुसत होतास, खिडक्यांचं पाणी टिपत होतास, आणि एका शब्दानं बोलला नाहीस.

पंखा सुरू केलाय. बाबांची खुर्ची जिन्याजवळून हलवून शेगडीपाशी ठेवलीय. पातेल्यात मटणाचा रस्सा आहे, दोघं गरम करून खा.

इतक्यात फोन करू नकोस. माबली विचारेल, "डॅडी कधी येणार?" आणि मला काय सांगावं ते सुचत नाही.

नेरिस