तीन दिवसांचं सुतक

प्रिय ठकूमावशी,

आज तिसरा दिवस. देवाला शिवायचं नाही, म्हणून मागल्या पडवीत एकटीच बसलेय. मघाशी डुलकी लागली आणि तू आलीस! पळसदरीच्या धरणावर धुकं, आणि डोक्यावर टाकळ्याच्या भाजीचं गाठोडं घेऊन तू त्यातून उतरत होतीस. "सुमे, बस खाली. केस विंचरू दे गं." जाग आली तरी मानेवर तुझा हात होता.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. तू वाडीवरून रानभाजी विकायला यायचीस. त्या दिवसापासून आधी माझी वेणी, मग बाजार. ऊन चढायचं, भाजी मान टाकायची आणि शिव्या मला! "सटवे, तुज्या जटांपायी माजी भाजी मेली!" तरी दुसऱ्या दिवशी फणी घेऊन हजर.

आणि मी काय केलं? लग्नाच्या मांडवात सासूबाईंनी विचारलं, "त्या पाणी वाढतायत, त्या कोन?" मी म्हणाले, "आमच्याकडे भाजी विकतात." तू ऐकलंस ना गं? ऐकलंसच. तांब्या धरून नुसती हसलीस. आईच्या मानाची साडी काकूला गेली आणि तू पत्रावळी उचलत राहिलीस. एकदा तरी भांडायचंस की माझ्याशी!

परवा तुझ्या बाळूचा फोन आला. "ताई, आय गेली." तुला निरोप देऊन वाडीवरून सासरी दहिवलीला परतले, तर सासूबाई दारातच. "आंघोळ कर नि देवाला दिवा लाव. आपल्याला कसलं सुतक? तुजी कोन लागत होती ती?"

पुन्हा तोच प्रश्न.

"आई," म्हणाले. "लग्न झालेल्या लेकीला आईचं तीन दिवस असतं. मी पाळणार."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता भांडी आदळणार! तर चटई घेऊन आल्या. "पडवीत बस. कशाला शिवू नको. तीन दिवस दिवा मी लावीन."

सगळ्यांपासून बाजूला बसवलं आणि मला केवढं बरं वाटलं, मावशी! पोटभर रडले.

उद्या न्हाऊन घरात जाईन. वेणी माझी मीच घालीन, वाकडी का होईना. आणि ऐक, भाऊबीजेला बाळूला ओवाळायला वाडीवर येणार. दरवर्षी येणार. तिथे कुणी विचारलंच, "ही कोन?" तर मी गप्प बसेन. उत्तर बाळूने द्यायचं.

तुझी लेक,
सुमी